झाकणावरची खोली

"ओट्याजवळून न्या की," वहिनी म्हणाली, आणि गवंडी हातातली टेप तशीच ताणून तिच्याकडे बघत राहिला.

"काय नेऊ ओट्याजवळून?"

"सगळंच. जे काय निघेल ते. बादल्या भरभरून न्या, मी भांडीकुंडी झाकून ठेवते. आठ दिवस लागले तरी चालतील."

गवंड्याचा जन्म लोकांच्या घरामागची घाण निस्तरण्यात गेला होता. पण मैला माझ्या शेगडीशेजारून वाहून न्या, असं आपणहून सांगणारी बाई त्याला पहिल्यांदाच भेटत होती. त्याने टेप गुंडाळली आणि दादाकडे वळून म्हणाला, "साहेब, तुम्ही तरी सांगा. पाणीखात्यात तीस वर्षं सुपरवायझर होता ना तुम्ही?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. घराची मागची भिंत, तिच्यापुढे दोन हात बोळ, मग कंपाऊंडची भिंत, संपलं. पलीकडे काकूचं अंगण, आणि अंगणापलीकडे रस्ता. ह्या घराला रस्ता असा नाहीच. उतारावर बांधलेलं घर, पुढून बत्तीस पायऱ्या चढून यायचं, तेही धापा टाकत. आणि बोळात जी काय वीतभर जागा होती, तिथे अकरा वर्षांपूर्वी दादाने कपडे धुण्याची खोली बांधली होती. नेमकी संडासाच्या टाकीच्या झाकणावर.

तेव्हापासून टाकी एकदाही उपसली गेली नव्हती. उपसणार कुठून? झाकणावर काँक्रीट, काँक्रीटवर फरशी, फरशीवर वॉशिंग मशीन. सोमवारी सकाळी त्याच फरशीच्या जाळीतून सगळं वर आलं. आता शुक्रवार उजाडला होता.

चार दिवस ह्या घराने काय केलं ते बोलायची सोय नाही, पण बोललंच पाहिजे. शहरातली गटारं ज्यांच्या नजरेखालून गेली, ते आमचे दादासाहेब रोज सकाळी पेपर काखेत मारून वाचनालयात जात, आणि वाचायला जात नसत. वहिनी मैत्रिणीकडे 'सहज' जाऊन येई. आईला ब्याऐंशीव्या वर्षी खोलीच्या कोपऱ्यात भांड्यावर बसावं लागत होतं आणि धाकटी, म्हणजे दादाची बहीण, हॉस्पिटलात सिस्टर असल्यामुळे ते भांडं उचलायला तिलाच बोलावून घेतलं होतं. पहिल्या दिवशी आई रडली. दुसऱ्या दिवसापासून तिने पाणी पिणं कमी केलं.

"हे बघा," गवंडी म्हणाला, "माणूस खाली उतरवून बादल्यांनी मैला काढायचं काम मी करत नाही. जीव जातो त्यात. उपसायला गाडी लागणार, गाडी मागच्या रस्त्यालाच येणार. नवी टाकी फायबरची, पाच फूट रुंद. तुमचं दार तीन फूट. म्हणजे ती कंपाऊंडची भिंत बारा फूट पाडायची, ह्या खोलीचे लाड संपवायचे, आणि पलीकडच्या बाईंच्या अंगणातून यायचं. दुसरा रस्ता नाही. हेलिकॉप्टर असेल तर सांगा."



"मग विचारायचं कुणी?" आई आतून म्हणाली. आईच्या खोलीचं दार चार दिवस अर्धवट लोटलेलं असायचं, पण कान पूर्ण उघडे. "मी नाही जायची. भावोजी गेल्यापासून जावेच्या दारात मी चार वर्षांत गेले नाहीये. आता जाऊन काय म्हणू, आमचा संडास तुंबलाय?"

"दादाने जावं," धाकटी म्हणाली. "घर त्याचं, खोली त्याने बांधलेली."

"त्यांना कशाला मध्ये घालतेस?" वहिनी फटकन म्हणाली.

"मध्ये? अगं वहिनी, तोच तर मध्यभागी आहे!"

"मी म्हणते, स्वयंपाकघरातून न्या. माझं स्वयंपाकघर आहे, माझं मी बघेन."

आता आईलाही राहवलं नाही. "हिला झालंय तरी काय? एरवी कुणी चपला घालून ओट्यापाशी गेलं तर घर डोक्यावर घेते."

वहिनी ओल्या फडक्याने कोरडा ओटा पुसत राहिली.

तिला काय झालं होतं ते फक्त दादाला ठाऊक होतं, आणि दादा खिडकीबाहेर बघत होता.

सहा वर्षांपूर्वी काका पलीकडच्या घरात मागच्या खोलीत झोपून होते. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, बोलणं जड झालेलं, पण डोकं लख्ख. त्या खोलीला वास यायला लागला. आधी थोडा, मग इतका की भेटायला येणारी माणसं दारातूनच 'बरं आहे ना?' विचारून मागे फिरायची. काकू एक दिवस दादाला म्हणाली, "अरे, तुमची टाकी भिंतीला लागूनच आहे, जरा बघतोस का?" दादाने बघितलं. टाकी गळते का ते बघायची पाणीखात्याची साधी रीत असते. संडासात लाल रंगाची पूड टाकायची, दोन-चार बादल्या पाणी सोडायचं आणि रंग कुठे फुटतो ते बघत बसायचं. ही रीत दादाला शिकवली होती काकांनीच. नोकरीलाही त्यांनीच लावलं होतं.

वहिनी तेव्हा कपडे वाळत घालत होती. काकू औषधं आणायला गेलेली. दादा स्टुलावर चढून भिंतीपलीकडे बघत उभा होता. वहिनीनेही टाचा उंचावून बघितलं. काकांच्या खिडकीखालचा ओलसर पट्टा आधी गुलाबी झाला, मग चांगला लाल झाला. दादाने नळी आणली, भिंतीवरून पलीकडे सोडली आणि अर्धा तास तो लाल रंग धुऊन काढत राहिला. त्याच्या शर्टाच्या बाहीला डाग पडले होते. वहिनीने ते घासले, निघेनात तेव्हा शर्ट कचऱ्यात टाकला. संध्याकाळी दादा पुढच्या बाजूने वळसा घालून काकूकडे गेला आणि म्हणाला, "तपासली. आमची टाकी ठणठणीत आहे. काकांचं अंथरूण जरा वरचेवर बदलत जा."

का? तर काकांनी आधीच बजावलं होतं, झाकणावर बांधू नकोस, एक दिवस तोंडघशी पडशील. दादाला त्या दिवशी तोंडघशी पडायचं नव्हतं, बस्स. एवढंच कारण. त्याहून मोठं काही असतं तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं.

आणि वहिनी मूग गिळून बसली. खोली तिच्यासाठी बांधली होती ना. हौसेने.

शेवटी धाकटीच गेली. बत्तीस पायऱ्या उतरून, गल्लीला वळसा घालून, मागच्या रस्त्याने. वाटेत तिने दोनदा वाक्य जुळवलं, पण काकूने दार उघडल्यावर ते विसरली आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं.

काकू ऐकून घेत होती. सडपातळ, ताठ बाई. केस पांढरे, चष्मा गळ्यात.

"चार दिवस झाले?" ती म्हणाली. "आणि आज विचारताय? तुझी आई काय करते मग?"

"भांडं देतो तिला."

"अरे देवा! वेड्या आहात का सगळे? तिला घेऊन ये इथे. माझ्याकडे कमोड आहे, धरायला दांडी आहे. ह्यांच्यासाठी बसवलेली. भिंत काय, पाडा उद्याच. विचारायचं काय त्यात?"

धाकटीला वाटलं होतं काकू टोमणा मारेल, निदान गप्प बसेल. टोमणा परवडला असता. तिची नजर आपोआप मागच्या खोलीच्या दाराकडे गेली. सिस्टर म्हणून ती काकांना तपासायला यायची. एकदा तिने त्यांना कुशीवर वळवून डोक्यापासून टाचेपर्यंत बघितलं होतं. कुठे जखम नाही, चट्टा नाही, चादर कोरडी, अंग असं स्वच्छ की हॉस्पिटलात कुणाचं नसतं. आणि तरी वास. तिला कळेना कुठून येतोय. तेव्हा शहाणीसारखं ती काकूला म्हणाली होती, "आंघोळ दोनदा घालत जा." काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

वीस वर्षांची नोकरी आणि एवढं कळू नये? पण दादाने टाकी तपासली होती. ठणठणीत होती. मग दुसरं काय समजायचं?

"चहा घेतेस?" काकूने विचारलं.

"नको," धाकटी म्हणाली. "उद्या येतो सगळे."

शनिवारी दहाच्या आत भिंत पडली. आईला धरून धरून काकूच्या घरी आणलं होतं. ती न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा पाच दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. काकूने तिला अंगणात खुर्ची दिली, शेजारी स्वतः बसली. दोघी जावा, मध्ये चार वर्षं. एकीने गुडघ्यांचं विचारलं, दुसरीने मोतीबिंदूचं सांगितलं.

गाडी आली, जाड पाइप अंगणातून गेला. धुण्याच्या खोलीची फरशी फोडली, झाकण निघालं, आणि अख्ख्या गल्लीने खिडक्या लावून घेतल्या. दादा भिंतीच्या तुकड्यांपाशी उभा होता. त्याला सगळ्या खिडक्या लागताना ऐकू येत होत्या. अकरापर्यंत टाकी रिकामी झाली. गवंडी काठावर गुडघे टेकून टॉर्चने आत बघत होता.

"आतली आडभिंत केव्हाच बसलीय," तो म्हणाला. "आणि ह्या बाजूच्या विटा बघा, भुसा झालाय नुसता."

ही बाजू म्हणजे काकूची बाजू.

मग खड्डा मोठा करायला घेतला. पडलेल्या कंपाऊंडच्या खालून, काकूच्या अंगणात. वरची हातभर माती तांबूस होती. खाली कुदळ गेली आणि काळी, चिकट माती निघाली. काळा पट्टा थांबेना. गवंडी खणत खणत तीन फूट आला, चार फूट आला, आणि काकांच्या खिडकीखाली घराच्या पायाला लागला तेव्हा थांबला. त्याने माती हातात घेऊन दाबली.

"बाई, ही खोली वापरता का तुम्ही?"

"आता नाही," काकू म्हणाली. "का हो?"

"नाही, ह्या खोलीत वास येत असणार. खाली सगळं भिजलंय. हे आजकालचं नाही, माती इतकी काळी पडायला वर्षं लागतात."

"किती वर्षं?"

"आठ? नऊ? जास्तच, कमी नाही."

काकू खुर्चीवरून उठली. घाईने नाही. तिने चष्मा लावला आणि खड्ड्याच्या काठाशी येऊन उभी राहिली. आई म्हणाली, "अगं बस गं, आता जुनं कशाला उकरायचं?"

"उकरायलाच बोलावलंय आजी मला," गवंडी म्हणाला. बिचाऱ्याला काय ठाऊक!

"पण दादा," धाकटीचा चेहरा बदलला होता, "तू तपासली होतीस ना तेव्हा? रंग टाकून? ठणठणीत आहे म्हणालास."

"होतीच ठणठणीत," वहिनी म्हणाली. जरा मोठ्यानेच. "मी होते की तिथे. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी, काही नव्हतं आलं. नंतर फुटली असेल."

सगळे गवंड्याकडे बघायला लागले, जणू तोच काय ते ठरवणार. गवंड्याने खांदे उडवले. "नंतरही असू शकतं. मी काय आत बसलो नव्हतो."

झालं होतं. निसटायला वाट होती, मोकळी, बारा फूट रुंद. काकूने मानही हलवली, असेल बाबा, अशी. अजून एक शब्द बोलायची गरज नव्हती. आणि दादाने बायकोकडे बघितलं. खोटं बोलताना तिचे ओठ पांढरे पडले होते. सहा वर्षं ती हे तोंडात धरून बसली होती, त्याच्यासाठी. ह्या बाईने काल स्वतःच्या स्वयंपाकघरातून मैला न्यायची तयारी दाखवली होती. दादाला स्वतःची लाज वाटली.

"खोटं बोलतेय ती," तो म्हणाला.

"अहो..."

"माझ्यासाठी बोलतेय. काकू, रंग आला होता. इथेच, ह्या खिडकीखाली. लाल भडक. मी पाणी मारून धुऊन टाकला आणि तुला येऊन सांगितलं की अंथरूण बदल."

गाडीचा ड्रायव्हर पाइप गुंडाळत होता, तो थांबला. धाकटीने तोंडावर हात ठेवला.

"तुला ठाऊक होतं," काकू म्हणाली.

"हो."

"ते असताना. ते ह्या खोलीत असताना."

"हो काकू."

"किती दिवस होते ते त्यानंतर?" तिने विचारलं आणि स्वतःच हिशेब केला. "दोन वर्षं. वर दोन महिने."

ती रडेल असं सगळ्यांना वाटलं, ती रडली नाही. तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू झाला. "दिवसातून तीनदा पुसायचे मी त्यांना. थंडीतसुद्धा. ते म्हणायचे, पुन्हा पूस, अजून येतोय. मी म्हणायचे, तुमचा नाही हो. ते म्हणायचे, मग कुणाचा? मला उत्तर नसायचं. दाराशी पावलं वाजली की पांघरूण हनुवटीपर्यंत ओढायचे. नंतर नंतर खाणं कमी केलं. मला म्हणाले, कमी खाल्लं की कमी घाण होईल. शेवटचे दोन महिने पेजेवर होते, आणि तीही अर्धी वाटी. डॉक्टरांना वाटलं आजारामुळे भूक गेली. भूक होती रे त्यांना."

दादा मान खाली घालून उभा होता. मला मार, शिव्या दे, असं काहीतरी त्याच्या ओठांवर येत होतं, पण तेही मागायची लाज वाटत होती.

"काकू, मी... काय करू सांग. म्हणशील ते करतो."

"काम थांबवू नका," काकू गवंड्याला म्हणाली. "त्या खुर्चीतल्या बाईला ब्याऐंशीव्या वर्षी भांड्यावर बसवायचं नाही मला आता." मग ती दादाकडे वळली. "आणि तू. जे जे नाकाला रुमाल लावून त्या दारात उभे राहिले, त्या प्रत्येकाच्या घरी जायचं आणि सांगायचं, की तो वास त्यांचा नव्हता. कुणाचा होता ते सांगायचं. माझी माफी नको मागूस, मला काय करायचीय ती. त्यांचं नाव तेवढं धुऊन आण. तुला जमतं धुवायला."

वहिनी पुढे आली. "मीही जाते ह्यांच्याबरोबर."

"तू नको. त्याला एकट्याने जाऊ दे. आणि आईपासून सुरुवात कर रे."

"ऐकलं की मी सगळं," आई म्हणाली. ती खुर्चीत आक्रसून बसली होती.

"तरी सांगू दे."

दादा आईच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, शाळेत मार खाऊन आल्यासारखा. "आई, काकांच्या अंगाला वास येत नव्हता. आपल्या टाकीचा होता. मला माहीत होतं."

आई त्याच्याकडे बघेना. ती जावेकडे बघत म्हणाली, "मी दारातूनच विचारायचे भावोजींना, बरं आहे ना. आत पाऊल टाकलं नाही. त्यांनी एकदा हात वर केला होता, ये म्हणून, आणि मी म्हटलं, दूध उतू जाईल, जाते." मग तिने उठायचा प्रयत्न केला, जमेना. धाकटी धावली. "मला त्या खोलीत ने गं," आई म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही, पण काकूनेच तिचा दुसरा हात धरला.

दादा चालत निघाला. चपला चिखलाने भरल्या होत्या, त्या झटकायचंही त्याला सुचलं नाही. रस्त्यावरचं पहिलं घर शिंप्याचं. शिंपी काकांचा पत्ते खेळायचा जोडीदार, त्यांच्या आजारपणात महिन्यातून एकदा येऊन दाराशी उभा राहायचा. खिडकी लावलेली होती. दादाने दार वाजवलं.

शिंप्याने दार किलकिलं केलं. गळ्यात टेप, नाकावर रुमाल. दादाला बघून त्याने रुमाल खाली घेतला आणि ओशाळून हसला.

"या की. टाकीचं काम काढलंय म्हणे? सकाळपासून नुसता घमघमाट सुटलाय." मग त्याने नाक वर करून पुन्हा एकदा हुंगलं आणि जरा हळवा झाला. "खोटं नाही सांगत, तुमच्या काकांची आठवण आली बघा. शेवटी शेवटी त्यांच्या खोलीत अगदी असाच वास यायचा. बिचारे."

दादाने चौकटीला हात धरला.

"असाच नाही," तो म्हणाला. "हाच."